पहिला ट्रायपॉड कसा घेतलात? अनुभव लिहा

डोंबिवलीचा मामा
भाचीने कॉलेजातल्या सिनियरकडून जुना डीएसएलआर घेतलाय. काल रात्री तिचा मेसेज, "मामा ट्रायपॉड कुठला घेऊ? बाबा अडीच हजाराच्या वर एक रुपया देणार नाहीत." त्यावरून आमचं २०१८चं ग्रहण आठवलं.

३१ जानेवारीचं खग्रास. आपल्याकडे चंद्र उगवणारच होता तो ग्रहण लागलेला. त्याच्या आधी बोरा बाजारात गेलो, बरोबर सासरे. त्यांचं सगळं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेलं. दुकानदार उंची सांगत होता, "साहेब साडेपाच फूट!" सासऱ्यांनी एकेक ट्रायपॉड पूर्ण उघडायला लावला, वरून तळहाताने दाबला, मग डोकं, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा भाग, धरून हलकेच पिळून पाहिलं. पाय फाकले किंवा डोकं कुरकुरलं की तो बाजूला. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता. शेवटी जो उरला तो माझ्या छातीपर्यंतच येत होता, पण ठाम उभा होता. मधली दांडी वर न काढता किती उंची मिळते तेवढीच खरी धरा, असं त्यांचं म्हणणं. दांडी पूर्ण वर काढली की तीन पायांवर एक काठी उभी, आणि त्या काठीवर तुमचा कॅमेरा. खोक्यावरची उंची बहुतेक वेळा ती दांडी धरूनच लिहिलेली असते.

त्या संध्याकाळी गच्चीवर अख्खी सोसायटी. पूर्वेला धुरकट, चंद्र इतका अंधुक तांबूस की आधी सापडेचना. सेकंद-सेकंदाचं एक्स्पोजर, आणि पोरं धावली की स्लॅबसकट सगळं थरथरतंय. सासऱ्यांनी खालून कांद्यांची पिशवी मागवली आणि दांडीच्या हुकाला लावली, जमिनीला जेमतेम टेकेल अशी. लोंबकळती ठेवली तर वाऱ्याने झुलते आणि उलट जास्त हलतं. फोटो बरे आले. कांदे दुसऱ्या दिवशी भजीत गेले.

तुमचा पहिला कुठला, कितीला, आता कुठे असतो? लिहा. भाची वाचणार आहे.

सह्यवेडी
वजन!! सगळे विसरतात. दुकानात दोन किलो म्हणजे काहीच वाटत नाही, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना विचारा. माझा पहिला इतका जड होता की ग्रुपमधल्या पोरांनी त्याचं नाव "जावईबापू" ठेवलं, कारण प्रत्येक जण थोडा वेळ उचलायचा आणि पुढच्याच्या गळ्यात घालायचा.

गुहागरचा अण्णा
समुद्रावर नेणार असाल तर घरी आल्या आल्या पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. पिळून बंद होणाऱ्या लॉकमध्ये वाळू गेली की कर्र कर्र करतं. खटक्याचे लॉक साफ करायला सोपे. आणि ओल्या वाळूत लाट आली की पाय आपोआप रुततात, फोटो मध्येच तिरका होतो.
बाकी यंदा आंबा कसा आहे तिकडे?

उंबरठा
@अण्णा आंबा महाग. विषय बदलू नका :-)

लेथवाला
मामांचे सासरे आमच्या जातीचे दिसतात. मी सर्व्हेच्या कामात. आमच्याकडे डम्पी लेव्हलचा (जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण) जुना लाकडी स्टॅंड होता, त्याचा बोल्ट ५/८ इंची, कॅमेऱ्याच्या बुडाला १/४ इंची. लेथवर दोन्ही जोडणारा बुश करून घेतला, दोनशे रुपये गेले. हलत नाही म्हणजे नाही, ट्रक गेला शेजारून तरी. फक्त एसटीत कंडक्टर अर्धं तिकीट मागतो.

मंजूमावशी
मला मोबाईलचाच लागतो, रेसिपीचे व्हिडिओ करते. वरून खाली शूटिंग करायचं म्हणजे तीन पाय ओट्यावर कसे मावणार? एक पाय नेहमी गॅसपाशी. मी फडताळाच्या कडेला फोन आणि त्यावर डाळीचा डबा, असंच केलं बरेच महिने. मग आडव्या दांडीचा घेतला. त्याला मागून वजन लावावं लागतं नाहीतर फोन सरळ उकडीत. पडलाय. मोदक छान झाले होते मात्र.

शेवग्याची शेंग
मावशी उकडीला तांदूळ कुठला घेता? आमची चिरते.

मंजूमावशी
@शेंग आंबेमोहर, आणि पिठी ताजी. पाण्यात चमचाभर तेल. झाकण लगेच काढू नकोस.

टॉर्चवाला
अडीच हजारात काय बघायचं ते भाचीला सांगतो. हॅंडल असलेलं प्लॅस्टिकचं हेड, म्हणजे मामा म्हणतात ते डोकं, टाळ. आपण फ्रेम लावतो, स्क्रू आवळतो, हात सोडला की कॅमेरा हळूच मान टाकतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सला एकवेळ चालेल, झूम लावली की संपलं. त्यापेक्षा छोटं बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं) बरं. आणि हेड निघतं का ते बघ. निघत असेल तर पाय आज घे, हेड पुढच्या वर्षी बदल. खोक्यावर पाच किलो लिहिलंय म्हणून पाच किलो ठेवू नये, आपल्या कॅमेरा-लेन्सच्या दुप्पट तरी आकडा असावा. जुना मिळत असेल तर जुना चांगला घे, यात बिघडण्यासारखं असतंच काय.
अजून एक, पाय उघडताना आधी वरचे जाड भाग. खालची बोटाएवढी नळी अगदीच गरज पडली तर.

नागपुरी संत्रं
ताडोबात ट्रायपॉड नेलेले लोक बघून गाईड लोकं हसतात ना भाऊ. जिप्सीत सहा माणसं, पाय कोणाच्या पायावर ठेवता? तिथे बीन बॅगच, म्हणजे लेन्स टेकवायची भरलेली पिशवी. मी रिकामी नेतो आणि चंद्रपुरात तांदूळ भरतो. परतताना त्याचीच खिचडी. मुरमुरे भरून पाहिलेत एकाने, हलके पडतात म्हणून. वाघ आला आणि पिशवी कुरकुरली.

उंबरठा
@संत्रं वाघाने काय केलं मग

नागपुरी संत्रं
काय करणार, पाहिलं आणि गेला. फोटो शेपटीचा.

काजवा
भंडारदऱ्याला काजव्यांसाठी जाणाऱ्यांना विनंती. पाऊस सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन आठवडे तिथे जत्रा असते. ट्रायपॉड अंधार पडायच्या आत लावून ठेवा, म्हणजे मोबाईलचा टॉर्च लागत नाही. एक उजेड पडला की झाडच्या झाड विझतं. तीस-तीस सेकंदांचे पुष्कळ फोटो घेऊन नंतर एकावर एक ठेवायचे, त्यामुळे मध्ये कोणाचा पाय लागला की सगळंच गेलं. पायांना पांढरी चिकटपट्टी लावा.

रेवाकाठ
आमच्या ह्यांनी वेरूळला खांद्यावर टाकून नेला. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉडला आधी परवानगी लागते हे तिकीटखिडकीपाशी कळलं. मग दिवसभर तो गाडीत आणि आम्ही लेण्यात. कैलास लेणं पाहून डोकं चालेनासं होतं, फोटोबिटो आठवतच नाहीत, त्यामुळे भांडण झालं नाही.

बे एरिया बंड्या
इथे गराज सेलमध्ये दहा डॉलरला एक आजोबा विकत होते. सगळं धातूचं, पण कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट नाही. त्या मॉडेलची प्लेट बाजारात मिळेना, शेवटी ट्रायपॉडपेक्षा नवं हेड महाग पडलं. भाचीला सांगा प्लेट सहज मिळणारी आहे ना ते बघ, आर्का-स्विस (बऱ्याच कंपन्यांच्या हेडना चालणारा प्रकार) असेल तर उत्तम, आणि एक जादा घेऊन कॅमेऱ्याच्या बॅगेत टाक. प्लेटचा स्क्रू आवळायला नाणं लागतं, मी अजून भारतातला एक रुपया वापरतो.

मामाची भाची
मी वाचतेय सगळं :-) १८ मिमी लेन्सवर आकाशगंगेसाठी शटर किती सेकंद उघडं ठेवू?

टॉर्चवाला
@भाची ठोकताळा असा, ५०० भागिले लेन्सचे मिमी, म्हणजे १८, आणि तुझा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा छोटा म्हणून परत भागिले दीड. साधारण अठरा सेकंद, त्यापुढे तारे लांबट दिसायला लागतात. मी पंधराच ठेवतो. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारं) बंद कर, दोन सेकंदांचा टायमर लाव, बटण बोटाने दाबलंस की तेवढंही हलतं. एप्रिल-मेमध्ये जा, अमावास्येच्या आसपास.

मामाची भाची
मे मध्ये परीक्षा आहे

डोंबिवलीचा मामा
@भाची मग एप्रिलमध्ये अभ्यास कर.
शनिवारी बोरा बाजारात जाऊ. आजोबा, म्हणजे माझे सासरे, पण येतायत म्हणे, स्वतःहून.

शेवग्याची शेंग
मावशी उकड जमली!! तेल घातलं चमचाभर. मोबाईल वरून धरायला नवरा होता, हात दुखले त्याचे.

मंजूमावशी
@शेंग त्याला सांग अडीच हजाराचा प्रश्न आहे.