एलियाला खरं कुणी जपलं? ओबेरिननं की डोरननं?

मांजराकाठ (लातूर)
नुसती 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिका पाहिलेल्यांसाठी, पुस्तकातली गोष्ट थोडक्यात. एलिया मार्टेल ही डॉर्नची राजकन्या, युवराज ऱ्हेगारची बायको. राजधानी लुटली गेली तेव्हा टायविन लॅनिस्टरच्या सरदार ग्रेगरनं तिचं तान्हं लेकरू भिंतीवर आपटलं, तिच्यावर बलात्कार केला, मग तिचं डोकं फोडलं. दोन भाऊ मागं राहिले. थोरला डोरन वर्षानुवर्षं गप्प बसला, धाकटा ओबेरिन ग्रेगरसमोर भाला घेऊन उभा राहिला.

माझं मत ओबेरिनला. बदल्यासाठी नाही. तो टिरियनला, म्हणजे टायविनच्याच पोराला, एक जुनी गोष्ट सांगतो: एलियाला बेलॉर हायटॉवर आवडायला लागला होता, आन गडी नेमका तिच्यासमोर पादला. ओबेरिननं त्याला नाव पाडलं, मग त्याच्याकडं बघितलं की एलियाला हसू आवरेना. अख्ख्या कथेत ती जिवंत अशी इथंच भेटते. डोरनसाठी ती फक्त एक कारण आहे.

खामकाठ
भाला गरगर फिरवला की तुम्ही पाघळता, भाऊ. ग्रेगर उताणा पडलेला, पोटात भाला, तरी "तिचं नाव घे" म्हणत हा जवळ गेला आन कवटी फोडून घेतली. वर ज्याच्या वतीनं लढत होता त्या टिरियनलाही मरणाची शिक्षा. डोरन गाऊटच्या सांधेदुखीनं खुर्चीला खिळलेला, सैन्य तुटपुंजं. तेव्हाच लढाई लावली असती तर पोरं कुणाची मेली असती? डॉर्नचीच ना?

रानवाट_बीड
खामकाठ, त्या वाट बघण्यात डोरनचा स्वतःचा पोरगा क्वेंटिन गेलाच की, ड्रॅगनच्या आगीत. आन ओबेरिनचं काम झालंच. ग्रेगरनं भरल्या गर्दीत कबूल केलं. त्याआधी सगळ्यांना माहीत होतं, पण उघड बोलत कोण होतं?

गोदामाय (नांदेड)
तुम्ही दोघं भावांना वेगळं करताय तेच चूक. ऱ्हेगारच्या टारगेरियन घराण्याशी सोयरिकीचा गुप्त करार ब्रावोसला झाला, त्यावर डॉर्नकडून सही कुणाची? ओबेरिनचीच! म्हणजे डाव दोघांचा.

माझं मत एलारियाला, ओबेरिनच्या जोडीदारणीला. पुस्तकातल्या, मालिकेतल्या नव्हे. ती ओबेरिनच्या पोरींना सरळ विचारते: त्यानं एलियासाठी सूड मागितला, तुम्ही त्याच्यासाठी मागताय, उद्या माझ्या लेकींनी तुमच्यासाठी मागायचा का? मालिकेनं २०१६ मध्ये तिच्याच हातून डोरनला मारवलं. इतकं उलटं!

खामकाठ
ताई, एलारियाचं ऐकलं तर टायविनसारखे सुखानं म्हातारे होतील.

देवगिरीपायथा
विषयाला सोडून, पण राहवत नाही. १२७१ च्या सुमारास आमच्या देवगिरीवर रामचंद्र यादवानं चुलतभाऊ अम्मणाला हटवून गादी घेतली, त्याचे डोळे काढले असं सांगतात. किल्ला चढणाऱ्या किती जणांना अम्मण माहीत असतो? रामदेवरावाचं नाव मात्र शाळेतल्या पोरालाही ठाऊक. मागं आरडाओरडा करणारं माणूस लागतंय बघा. म्हणून मी ओबेरिनकडं.

मांजराकाठ (लातूर)
गोदामायताई, सही त्याची होती, मीही वाचलंय. पण करार ऱ्हेगारचा भाऊ व्हिसेरिस आन डोरनची लेक अरियान यांच्या लग्नाचा. त्यात एलिया कुठंय? कागदावर ती येत नाही, हसण्यात येते. डोरनच्या तोंडून अशी एक आठवण काढून दाखवा, मत बदलतो.

खामकाठ
डोरन तिच्यापेक्षा जवळपास दहा वर्षांनी थोरला. आई एलिया आन ओबेरिनला घेऊन स्थळं बघत फिरली, तेव्हा हा सोबत नव्हता. हसायला जवळ असावं लागतं, भाऊ. ह्यात त्याचा काय दोष?