प्रतिसाद: बालवाडीतली रंगपंचमी

बालवाडीतल्या वीस पोरांची रंगपंचमी कशी करायची, असं वर ताईंनी विचारलंय. वेळ सकाळी नऊ ते साडेदहा, त्यापुढं नको. कोल्हापुरात तोवर ऊन चटके द्यायला लागतं आणि पोरंही पेंगायला लागतात.

रंग घरीच करा. पळसाची फुलं रात्री कोमट पाण्यात भिजत घातली की सकाळी केशरी पाणी तयार. आमचे दूधवाले मामा गावाकडनं पिशवीभर फुलं आणून देतात. कोरड्या रंगाला तांदळाच्या पिठात हळद मिसळायची. पण पालकांना आधीच सांगून ठेवा, हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो! गेल्या वर्षी एका आईनं पांढरा फ्रॉक दाखवत "हा कसला केमिकल रंग वापरलाय?" म्हणून चांगलंच झापलं मला. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याचं पाणी लावून करतात, तसाच हा प्रकार. फ्रॉक दोन दिवस उन्हात वाळत घातला, डाग फिका पडला.

पिचकारी, फुगे अजिबात नकोत. तीन वर्षाचं पोर तोंडावर पाणी आलं की भोकाड पसरतं, आणि एक रडलं की सगळी सुरू. त्यापेक्षा भिंतीला जुनी चादर बांधून तिच्यावर हाताचे ठसे उमटवायला लावा. ज्याला रंग नको त्याला टिमकी द्या, बडवत बसतंय.

खाऊला पुरणपोळीचे चतकोर आणि बिया काढलेलं कलिंगड. अख्खे शेंगदाणे, फुटाणे या वयाला नकोतच, घशात अडकतात.

आणि हो, येताना अंगाला खोबरेल लावून पाठवा म्हणावं.