मदत हवी आहे: एनएमपीतलं फुलरीन जांभळ्याचं तपकिरी होतंय, गुठळ्या म्हणायच्या की आणखी काही?

एमएस्सीच्या प्रकल्पात सी-६० फुलरीन (साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू) वेगवेगळ्या द्रावकांत कसं वागतं ते बघतेय. टोल्यूइनची काही कटकट नाही. जांभळा रंग टिकतो, यूव्ही शोषणाच्या आलेखात ३३५ नॅनोमीटरजवळचं शिखर जिथल्या तिथे.

घोळ एनएमपीचा आहे (एन-मिथाइल पायरोलिडोन, बॅटरीवाले वापरतात तोच द्रावक). मिलिलिटरला ०.३ मिलिग्रॅम घातलं, म्हणजे संपृक्ततेच्या बरंच खाली. सुरुवातीला छान जांभळं होतं, मग मळकट होत होत आता कोऱ्या चहासारखं दिसतंय. ३३० जवळचं शिखरही सपाट होत चाललंय. तळाला गाळ मात्र काडीचा नाही. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणारं यंत्र) कण १०० ते ३०० नॅनोमीटर, दर वेळी आकडा वेगळा. अख्खा रेणू जेमतेम ०.७ नॅनोमीटरचा!

गाइड म्हणतात सॉनिकेट कर, म्हणजे ध्वनिलहरींनी गुठळ्या फोड. केलं की आकडा जरा उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. रंग गुठळ्यांमुळेच बदलतो, की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? कुणी यावर काम केलंय का?

प्रतिसाद

वेगळ्या धरून चाला. एनएमपीतला नायट्रोजन इलेक्ट्रॉन द्यायला तयार, फुलरीन घ्यायला टपलेलं. दोघांची हळूहळू जोडी जमते, रंग मुख्यतः त्यामुळे जातो. गुठळ्याही होतात, पण तो कारभार समांतर चालतो.

डीएलएसचा आकडा फार मनावर घेऊ नका. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे दहापट मोठा कण दहा लाखपट उजळ दिसतो. चार मोठ्या गुठळ्या असल्या तरी बाकीचे सुटे रेणू यंत्राला दिसतच नाहीत.

गाळता कशाने? पीव्हीडीएफ प्लास्टिकचा फिल्टर असेल तर तोच एनएमपीत विरघळतो. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) हवा. आणि बाटली कितीदा उघडता? एनएमपी हवेतलं पाणी ओढून घेतं.

मूळ प्रश्नकर्ती

फिल्टर पीटीएफईचा, क्युवेट क्वार्ट्झची. बाटली मात्र सगळ्यांची मिळून एकच आहे, त्यात पावसाळा. मॉलेक्युलर सीव्हवर (पाणी शोषणारे दाणे) एनएमपी वाळवून त्यातल्या द्रावणाची एक वायल (छोटी बाटली) नायट्रोजनखाली अंधारात ठेवते, दुसरी नेहमीसारखी उजेडात. कोरड्या वायलचा रंगही गेला तर पाण्याचा संशय फिटेल ना?

प्रतिसाद

रंगापुरता फिटेल. गुठळ्यांसाठी दोन्ही वायल डीएलएसवर लावाव्या लागतील, आणि त्याआधी नुसतं एनएमपी लावून बघा, म्हणजे कण द्रावकातलेच नाहीत ना ते कळेल.