मदत हवी आहे : दारू सोडलेल्या ऑपरेटरला परत लेथवर कधी घ्यावं?

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं टर्निंग शॉप (लेथवर धातूचे भाग कातायचं वर्कशॉप) आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या जुन्या ऑपरेटरला तीन महिन्यांपूर्वी परत घेतलंय. सध्या लेथ नाही, तपासणीच्या टेबलावर मायक्रोमीटर दिलाय. हात थरथरत नाही, मापं बिनचूक. रात्रपाळी नाही. पगार आठवड्याला, एटीएम कार्ड त्याच्याच सांगण्यावरून वहिनींकडे. डॉक्टरांनी डायसल्फिरम (ही घेऊन दारू प्यायलं तर त्रास होतो, अशी गोळी) 250 मिग्रॅ दिलंय, लिव्हरची तपासणी झालीय, गोळी रोज वहिनींसमोर. या गोळीवर स्पिरिटचा वासही बाधू शकतो, म्हणून सॅनिटायझर, थिनर त्याच्यापासून लांब ठेवतो.

मागच्या महिन्यात यात्रेला घसरला, दारू प्यायला. आठवडाभर आधी गोळी बंद केली होती, पण तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं, हे माझ्या लेखी फार मोठं आहे. गोळी डॉक्टरांना विचारून परत सुरू केलीय.

‘काढून टाका’ हा सल्ला नको, तो माणूस आम्हाला हवाय. पण लेथच्या फिरत्या चकशी (काम पकडून फिरणाऱ्या भागाशी) खेळ नको.

ज्यांनी असा कामगार सांभाळलाय त्यांनी सांगा : घसरल्यानंतर किती दिवस कोरडे गेले की मशीन दिलंत, आणि तो निर्णय डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीवर की सुपरवायझरच्या? ब्रेथ अ‍ॅनालायझर लावायचा तर त्याला एकट्यालाच, की गेटवर सगळ्यांनाच?