रोलर कोस्टर कितपत सुरक्षित? (अल्टन टॉवर्सला जायचंय)

नलिनी_नाशिक
नमस्कार. आम्ही दोघं मेअखेर मुलीकडे बर्मिंगहॅमला जातोय. जावयांनी अल्टन टॉवर्स या तिथल्या मनोरंजन पार्कची तिकिटं काढलीत. नातू नऊ वर्षांचा, उंची 134 सेंमी, आणि त्याला तिथल्या 'स्मायलर' या कोस्टरमध्येच बसायचंय. तिथे 2015 मध्ये मोठा अपघात झाला होता हे वाचल्यापासून पोटात गोळा आलाय. मुलगी म्हणते, "आई, आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं." मग तेव्हा कॉम्प्युटर नव्हता का? शिवाय ह्यांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय आणि हेही बसायचं म्हणताहेत. कोणी नीट समजावून सांगेल का?

सिग्नल_काका_डर्बी
नलिनीताई, कॉम्प्युटर होता, आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. म्हणून तर ती घटना माझ्या मनातून जात नाही.

मी मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, आता मुलाकडे डर्बीला असतो. आमचा मूळ नियम असा, की एका ब्लॉकमध्ये, म्हणजे रुळाच्या एका ठरावीक तुकड्यात, एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर (रूळ मोकळा असल्याची परवानगी) दिल्याशिवाय मागची सुटत नाही. कोस्टरचा रूळही असाच ब्लॉकमध्ये वाटलेला असतो. पुढचा ब्लॉक रिकामा नसेल तर गाडी चढावर किंवा ब्रेकवर आपोआप अडकते.

2 जून 2015 ला स्मायलरवर जास्तीची गाडी लावली होती. चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी फेरा पुरा न करता मधल्या खोलगट भागात अडकली. मागून 16 माणसांची गाडी आली. सिस्टिमने तिला चढावर रोखून धरलं. दुरुस्तीवाल्यांना वाटलं, रूळ मोकळा आहे, सिस्टिमच चुकतेय. त्यांनी ब्लॉक ओव्हरराइड करून, म्हणजे सिस्टिमची अडवणूक हाताने बाजूला सारून, गाडी सोडली. दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला, आणि माणसं चार तासांहून जास्त वेळ वर अडकून पडली. वाऱ्याचे झोत ताशी 45 मैलांपर्यंत होते, बनवणाऱ्यांनी मर्यादा 34 ची घातली होती.

सरकारी तपासात रूळ, गाड्या, कंट्रोल सिस्टिम, कशातही दोष निघाला नाही. दोष निघाला तो कंपनीच्या कामाच्या पद्धतीत. अशा वेळी काय करायचं याची पायरीपायरीने ठरवलेली पद्धतच त्या इंजिनिअरांना दिलेली नव्हती. सप्टेंबर 2016 मध्ये कोर्टाने पार्क चालवणाऱ्या मर्लिन कंपनीला 50 लाख पौंड दंड केला. आमच्याकडे ब्लॉक यंत्र बिघडलं तर दोन्ही स्टेशन मास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर (खात्रीसाठीचा गुप्त आकडा) देतात, तो रजिस्टरात चढतो, ड्रायव्हरच्या हातात कागदी परवाना जातो, तेव्हा गाडी हलते. वेळ जातो, प्रवासी शिव्या घालतात. घालू देत.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगेन: राइड मध्येच थांबली तर घाबरू नका आणि तिथल्या पोरांवर ओरडू नका. आणि नातवाची उंची मोजताना हुज्जत घालू नका. स्मायलरला किमान 140 सेंमी लागते. छातीवरचा बार त्या मापाच्या अंगाला बसेल असा बनवलेला असतो, जाड तळव्याचे बूट घालून उंची वाढवली म्हणून अंग वाढत नाही. 'विकर मॅन' हा लाकडी कोस्टर 120 सेंमीपासून आहे. तिथे खुशाल बसवा.

डॉ_मृण्मयी
तुमच्या ह्यांच्याबद्दल: माझा सल्ला सरळ "नको" असा आहे. जर्मनीत मानहाइमच्या डॉक्टरांनी 55 निरोगी माणसांना ईसीजी यंत्र लावून मोठ्या कोस्टरवर बसवलं होतं. ठोके मिनिटाला साधारण 90 वरून 150 च्या पुढे गेले. तरण्याताठ्यांना हे सोसतं. स्टेंट बसवलेल्या माणसाने निदान स्वतःच्या कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. बाकीच्यांनी डोकं मागे टेकवून बसा आणि वळणावर मान वळवू नका, कारण मानेला हिसका बसल्याच्या तक्रारी नेहमीच्या.

निखिल_पनवेल
काका, पटलं, पण लोखंडही दगा देतं की. अहमदाबादला कांकरियात जुलै 2019 मध्ये पेंडुलमची राइड चालू असताना तुटून खाली आली, दोघं गेले.

सिग्नल_काका_डर्बी
निखिल, खरंय. पण लोखंड बहुतेक वेळा आधी बारीक तडा देतं. तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही. धुरा आणि वेल्डिंगचे जोड पार साफ करून चुंबकीय पावडरने किंवा अल्ट्रासोनिकने तपासले तर सापडतो. रेल्वेचे अॅक्सल असेच तपासतात. आपल्याकडे पार्कात जाल तेव्हा विचारा, ही तपासणी शेवटची कधी झाली आणि सही कोणाची आहे. उत्तर देताना मॅनेजर चाचरला तर मी तरी पोरांना बसवणार नाही.

नलिनी_नाशिक
सगळ्यांचे आभार. ह्यांना डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं, जरा फुरंगटलेत. नातवाचं विकर मॅनवर ठरलं. काका, त्यात तो एकटा बसू शकतो की सोबत मोठं माणूस लागतं?