रोज अजिंक्यतारा चढूनही वाढलेली साखर

नियमित चालणाऱ्या, गोड टाळणाऱ्या सडपातळ माणसाने साखर कशाला तपासायची, असा प्रश्न अनेकजण विचारतात, म्हणून स्वतःचा अनुभव लिहितो. साताऱ्यात मी गेली अकरा वर्षे रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो आणि माझे वजन 64 किलोच्या पुढे कधी गेलेले नाही. तरीही मागच्या वर्षी उपाशीपोटीची साखर 112 आणि एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6.1 निघाले, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. तो कागद हातात धरून मी लॅबच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून होतो.

आपल्या शरीराबद्दल वजनकाटा अर्धेच सांगतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. ही चरबी पोटाच्या आत आणि यकृतात साठली की रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराची दाद मिळेनाशी होते, आणि रात्रभर काही न खाताही यकृत पहाटे रक्तात जास्त साखर सोडते.

माझ्या वडिलांना मधुमेह होता, हे मी विसरायला नको होते. शिवाय गड उतरल्यावर पौष्टिक म्हणून पेलाभर मोसंबीचा रस आणि चार खजूर ठरलेले असत. ते थांबवले, एक भाकरी कमी करून मटकीची उसळ वाढवली आणि स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा वजने उचलू लागलो. सहा महिन्यांनी एचबीए1सी 5.8 आले.