नुसत्या बिलांवर भागत नाही

"वीजबिलं आणि डिझेलची बिलं जोडली की कंपनीचं कार्बन उत्सर्जन निघतं" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. बिलं हवीतच. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो (केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा जाहीर करतं, त्या-त्या वर्षाचाच घ्या). हे दुपारभरात होतं. निसटतो तो एसीतला गॅस.

इथे वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा हिशोब करत होतो. मेकॅनिकच्या पावत्यांवर नुसतं 'गॅस टॉप-अप', किलो कुठेच नाहीत. शेवटी स्टोअरमधल्या काकांच्या वहीत सिलिंडरचं आधीचं आणि नंतरचं वजन पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. वर्षात १० किलो आर-४१०ए, म्हणजे एसीत भरतात तो गॅस. एसीतला गॅस बंदिस्त नळ्यांतच फिरतो, वापरून संपत नाही, तेव्हा जितका पुन्हा भरला तितका गळलेलाच. हा गॅस तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट वातावरण तापवतो, म्हणजे झाले २० टन कार्बन डायऑक्साइडइतके! तेवढ्यासाठी सात हजार लिटरहून जास्त डिझेल जाळावं लागेल. त्या काकांचे मी मनापासून आभार मानले.

आणि हो, स्वतःच्या गाडीचं डिझेल स्कोप १ मध्ये (कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन), भाड्याच्या ट्रकचं स्कोप ३ मध्ये (कंपनीच्या कामासाठी इतरांकडून होणारं). एकत्र करू नका.

मेकॅनिकला आजच सांगा, पावतीवर गॅसचं नाव आणि किलो दोन्ही लिहायला. मागचं वजन नंतर कुणालाच सांगता येत नाही.